गाडीतल्या दिव्यांची नाडी

"अहो, हे दिवे डोळे मिचकावतायत," सिस्टर गाडीच्या आतून म्हणाल्या.

"कोणाला?" लिफ्टवाल्यांनी बाहेरून विचारलं. ते पुढच्या चाकाला बुटाने हळूच ठोसे देत होते. त्यातून नेमकं काय कळतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण जुनी गाडी घेणारा प्रत्येक माणूस असं करतो हे त्यांनी पाहिलं होतं.

"मलाच. आत दुसरं कोण आहे?"

गाडी त्याच दिवशी दुपारी आली होती. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत दोन माणसांपुरता पलंग, घडीचं टेबल, दोन शेगड्या, भांडं विसळताना कोपर आपटेल एवढं बेसिन, एक उभं अरुंद कपाट आणि छताला चार दिवे. कुंपण आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामधल्या जागेत ती चपखल बसली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "दहा दिवस ठेवून बघा. दहाव्या दिवशी दुपारी चारला आमचा मिस्त्री येईल. पसंत असेल तर त्याच्या कागदावर सही करा, नसेल तर तो गाडी परत घेऊन जाईल." सिस्टरनी त्याच क्षणी मनातल्या मनात दहावा दिवस पक्का करून टाकला होता. घर असताना गाडीत राहायचं म्हणजे काय, आपण काय कुठून पळून आलोय, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

लिफ्टवाल्यांनी बत्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. आपल्या हाताखालच्या लिफ्टमध्ये कोणीही वीस मिनिटांच्या वर अडकलं नाही, असं ते सांगत, आणि हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकणाराच अडकल्यासारखा होई. रिटायर झाल्यापासून नऊ महिने ते खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. वर्तमानपत्र 'हरवले-सापडले'सकट वाचायचं, दुपारी तेच परत वाचायचं, संध्याकाळी साडेआठला झोपायचं. पुढ्यात वाढलेलं अर्धं ताट तसंच राहायचं.

सिस्टरनी तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला. असला पेशंट त्यांना नवा नव्हता. रिपोर्ट सगळे चांगले, ताप नाही, दुखणं नाही, पण माणूस खाटेवरून उठतच नाही. अशा पेशंटची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची. चार महिन्यांपूर्वी त्या स्वतः रिटायर झाल्या, तेव्हापासून तर त्यांची नजर सतत त्या खुर्चीवर होती. नजर ठेवून उरलेल्या वेळात त्या चादरींचे कोपरे दवाखान्यासारखे घडी घालून खोचत, औषधाच्या डब्यातल्या तारखा तपासत आणि दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसाचंही ब्लडप्रेशर बघून मगच त्याला सोडत.

लिफ्टवाले गाडीत चढले. चारही दिवे एकदम मंद झाले, परत पेटले, दोनदा फडफडले आणि शहाण्यासारखे उभे राहिले.

"लूज कनेक्शन," ते म्हणाले. "वीस मिनिटांचं काम आहे. उद्या सकाळी."

सकाळी सहाला सिस्टरना पलंगाची एक बाजू रिकामी दिसली. त्या धावत बाहेर आल्या, तर गाडीत शीळ ऐकू येत होती. नऊ महिने माळ्यावर पडलेली हत्यारांची पिशवी खाली आली होती आणि लिफ्टवाले छताकडे बघत, कंबरेवर हात ठेवून उभे होते. सिस्टर घरात गेल्या, वही, पेन आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन आल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या.

"हे काय?" लिफ्टवाले म्हणाले.

"आधी लक्षणं लिहू. तुम्ही तर एकदम पोट फाडायलाच निघालात."

त्यांनी वहीत रकाने आखले. वेळ, कुठला दिवा, पाण्याचा पंप चालू की बंद, कोण कुठे बसलं होतं. मग घड्याळ धरून दिव्याकडे टक लावून बसल्या. "मिनिटाला अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "पण अनियमित."

"नाडी बघतेस काय दिव्यांची?"

"नाडी सांगते तेवढं तुमचा टेस्टर सांगत नाही."

पहिला संशय बल्बवर गेला. चारही बदलले, नवे बल्बही तसेच. मग बॅटरी. तिच्या टोकांवरची पांढरी बुरशी ब्रशने घासून काढली, टोकं चकचकीत झाली, दिवे आपले तसेच. तिसऱ्या दिवशी फ्यूज काढून एकेक पुसून लावले. मग वहीत सापडलं की पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे जास्त मंद होतात, म्हणून पंपाची नळी सोडवली. आत पाणी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण काढताना कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. सिस्टरचा चष्मा, वही आणि लिफ्टवाल्यांचा शर्ट न्हाऊन निघाला. लिफ्टवाले हसले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, आणि आवाज करून. सिस्टर चष्मा पुसता पुसता त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

उघडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला तेव्हा लिफ्टवाल्यांनी घरातलं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. त्यावर पंप, फ्यूजची पेटी, पंखा आणि चहाच्या कपांत वर्गवारीने स्क्रू मांडले गेले. साहजिकच जेवायचं गाडीत. ओल्या झालेल्या गाद्या वाळवायला बैठकीच्या खोलीत आणल्या आणि त्यातली सगळ्यात मोठी आरामखुर्चीवर टाकली. खुर्ची त्याखाली गडप झाली आणि तिची आठवण कोणी काढली नाही. गाडीच्या घडीच्या टेबलावर गुडघ्याला गुडघे लागत होते. लिफ्टवाल्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि साडेआठ वाजून गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

लेकीचा फोन आला. "आई, बाबांना म्हणावं, गाडी परत करून टाका. आधीच त्यांचं मन लागत नाही, त्यात हा ताप कशाला?"

"बघू," सिस्टर म्हणाल्या. "ठेव आता, माझी दहाची नोंद राहील."

चौथ्या दिवशी लिफ्टवाले वायर आणायला गेले असताना तो प्रकार झाला. सिस्टर चादरी ठेवायला कपाटापाशी वाकल्या आणि त्यांचा गुडघा कपाटाच्या तळाच्या फळीवर आपटला. दिवे स्थिर झाले. त्यांनी गुडघा काढला, दिवे फडफडायला लागले. परत टेकवला, स्थिर. वहीत नोंद करायची सोडून त्यांनी फळी उपसली. आत सगळ्या दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र येऊन गाडीच्या पत्र्याला एकाच स्क्रूने आवळलेल्या होत्या, आणि तो एकच स्क्रू सैल होता. पर्समधलं नाणं काढून त्यांनी तो पिळला. चारही दिवे तेवत राहिले, जरासुद्धा हलेनात.

सिस्टर अर्धा मिनिट स्वतःवर फार खूश होत्या. मग त्यांना पुढचं दिसलं. हे येणार, दिवे बघणार, "झालं का?" म्हणणार. पंप जागेवर, पंखा जागेवर, गाद्या उचलल्या जाणार, आणि गादीखालून ती खुर्ची बाहेर निघणार.

तीस वर्षांत ज्या बाईने पेशंटला एक गोळी उशिरा दिली नाही, तिने नाणं परत खाचेत घातलं आणि स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला. दिवे लगेच आजारी पडले. सिस्टरनी फळी जागेवर बसवली. आठव्या दिवशी सांगू, त्यांनी स्वतःला बजावलं, दहाव्याच्या आत नक्की सांगू. कारण आता गाडी परत जावी असं त्यांना वाटत नव्हतं, आणि बिघडलेल्या दिव्यांची गाडी हा अभिमानी माणूस ठेवून घेणार नाही हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

गणित सोपं होतं, पण पाचव्या दिवशी ते फसलं. सकाळी सिस्टर घड्याळ घेऊन बसल्या तर दिवे एकदम ठणठणीत. एक वाजेपर्यंत एकदाही लुकलुकले नाहीत. स्क्रू आपोआप बसला वाटतं, असं मनाशी म्हणत सिस्टरनी, लिफ्टवाले आंघोळीला गेल्यावर, तो पुन्हा सैल केला. लिफ्टवाले टॉवेलने डोकं पुसत आले, दिव्यांकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

"हे परत लुकलुकतायत?"

"म्हणजे काय? चार दिवस तेच करतायत की."

"हो. तेच म्हणतो मी."

सहाव्या दिवशी दिवे इतके थयथयाट करायला लागले की अर्ध्या फेऱ्याने असं होणं शक्य नव्हतं. सिस्टरनी संधी साधून स्क्रू थोडा आवळला. तासाभराने दिवे पूर्ण बरे. दुपारी त्यांनी सैल केला, संध्याकाळी चहा करून येईपर्यंत परत बरे. वहीतले आकडे चौऱ्याऐंशी, शून्य, अकरा, शून्य असे उड्या मारत होते. असा तक्ता वॉर्डात दिसला असता तर त्यांनी मोठ्या डॉक्टरांना उठवून आणलं असतं. त्यांची खात्री पटली की हा स्क्रू निमित्तमात्र आहे. खरा बिघाड दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि वायरींचा बिघाड म्हणजे आग लागायची भीती.

गंमत म्हणजे लिफ्टवालेही अचानक गंभीर झाले होते. शीळ बंद झाली. सातव्या दिवशी त्यांनी छताचं अस्तर खाली उतरवलं. अस्तर एका बाजूने सुटलं आणि त्यांच्या डोक्यावर तंबूसारखं पसरलं. सिस्टरनी त्यांना आतून बाहेर काढलं, कपाळाला पट्टी लावली आणि वहीत 'इतर' या रकान्यात तेही लिहिलं. आठव्या दिवशी वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपून झाली. कुठे तुटलेली नव्हती, कुठे करपलेली नव्हती.

नवव्या दिवशी संध्याकाळी लिफ्टवाले गाडीच्या पायरीवर बसले. हातात टेस्टर होता, पण तो खिशात ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"उद्या मिस्त्री आला की घेऊन जाऊ दे त्याला," ते म्हणाले.

"एवढ्यात?"

"बत्तीस वर्षं दहा-दहा मजल्यांच्या लिफ्टा चालत्या ठेवल्या मी. चार दिव्यांनी हात टेकायला लावले. वय झालं माझं, दुसरं काही नाही."

आत्ता सांगावं, तर बायकोने सहा दिवस वेड्यात काढलं असं होणार. न सांगावं, तर गाडी जाणार आणि हा माणूस कायमचा त्या खुर्चीत. सिस्टर शेजारी बसल्या आणि जमेल तितक्या सहजपणे म्हणाल्या, "ती कपाटाखालची फळी उघडून बघितलीत का हो?"

"तिथे काही नाही," लिफ्टवाले ताडकन म्हणाले.

"बघितलीत?"

"नाही. पण तिथे काही नसतंच."

"एकदा बघायला काय जातं?"

"अगं, काही नाही म्हटलं ना तिथे. मला कळतं का तुला?"

एरवी सिस्टरनी या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं असतं. आज त्या उठून आत गेल्या.

दहाव्या दिवशी सकाळपासून दोघांनी मिळून सगळं जागेवर बसवलं. पंप, पंखा, अस्तर, गाद्या. कपात सात स्क्रू उरले, त्यांच्याकडे दोघांनीही कानाडोळा केला. साडेतीनला लिफ्टवाले हात धुवायला गेले तेव्हा सिस्टर गाडीत शिरल्या आणि त्यांनी नाण्याने स्क्रू होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. दुसरा बिघाड काय असेल तो असो, निदान मिस्त्रीसमोर तरी दिवे धड राहू देत. कदाचित दिवे धड दिसले तर हे सही करतील.

बरोबर चारला मिस्त्री आला. बारीक, शांत माणूस, काखेत कागदांची फाईल. "काय काका, काय म्हणते गाडी?" असं विचारत तो आत चढला आणि त्याने बटण दाबलं.

दिवे लागले, मंद झाले, फडफडले. आजवर कधी फडफडले नव्हते असे.

"असं कसं होईल?" सिस्टर एकदम बोलून गेल्या. "मी आत्ता साडेतीनला घट्ट केलाय."

"मीसुद्धा पावणेचारला केलाय," लिफ्टवाले म्हणाले.

मिस्त्रीने आधी काकांकडे बघितलं, मग काकूंकडे.

"काय घट्ट केलंय?" त्याने विचारलं.

दोघांचीही नजर एकाच वेळी कपाटाच्या तळाकडे गेली. मिस्त्री गुडघ्यावर बसला, फळी काढली आणि आत टॉर्च मारला. "अरे देवा," तो म्हणाला. "ह्याचे आटे पार गेलेत. भोकच मोठं झालंय. किती वेळा फिरवलाय हा?"

"मी दहा-बारा वेळा," सिस्टर म्हणाल्या. "चौथ्या दिवसापासून."

"चौथ्या?" लिफ्टवाल्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "मला दुसऱ्या दिवशीच सापडला होता. सकाळी, तू बाहेर यायच्या आधीच. नाहीतर शीळ कशाला घालत होतो मी?"

"आणि आवळला नाहीत?"

"तू वही आणायला आत गेलीस तेव्हा आवळला होता. तू वही घेऊन आलेली दिसलीस, म्हणून परत सैल केला."

"का?"

लिफ्टवाले मिस्त्रीकडे बघून घुटमळले. मिस्त्री समजूतदार होता. त्याने डोकं कपाटात घातलं आणि तिथेच ठेवलं.

"रिटायर झाल्यापासून तू घरात अशी फिरत होतीस," लिफ्टवाले खालच्या आवाजात म्हणाले, "जशी वॉर्डच हरवलाय. बिचाऱ्या पार्सलवाल्याचं ब्लडप्रेशर बघायचीस. मला बघवत नव्हतं. म्हणून तर ही गाडी आणली, म्हटलं हिला जरा बाहेर काढू. तर तू पहिल्या दिवशीच नाक मुरडलंस. मग दुसऱ्या दिवशी घड्याळ धरून बसलीस आणि म्हणालीस, मिनिटाला अठ्ठावीस. चेहरा कसा उजळला होता तुझा. म्हटलं, हिला पेशंट मिळाला. दोन-चार दिवस राहू दे आजारी."

"मला पेशंट मिळाला?" सिस्टर म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या. "अहो, पेशंट तुम्ही होतात. नऊ महिने. मी तुमच्यासाठी सैल करत होते."

"मी? मला काय झालं होतं?"

"अर्धं ताट टाकत होतात तुम्ही."

"तू बसतच नव्हतीस जेवायला. भांडी लावत उभी असायचीस. एकट्याने किती जेवणार माणूस?"

ड्यूटीच्या दिवसांत सिस्टरची रात्रपाळी असायची आणि ह्यांना केव्हाही फोन यायचा. एका टेबलाशी दोघांनी बसून जेवायची सवय कधी लागलीच नव्हती, आणि रिटायर झाल्यावर ती आपोआप लागेल असं दोघांनीही धरून चाललेलं. सिस्टरना हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि यातलं आधी काय आवरावं हे त्यांना कळेना.

"म्हणजे तुम्ही आवळायचात आणि मला वाटायचं आपोआप बसला."

"आणि मी आवळायचो, तर तासाभरात परत सैल. काल तर मला वाटलं माझं डोकंच गेलं."

"माझे आकडे बिघडले त्याने."

"तुझे आकडे? माझं छत उतरलं."

कपाटातून मिस्त्रीचा आवाज आला. "काका, नवीन बोल्ट टाकतोय. मागून नट लावतो. आता तुम्ही दोघांनी मिळून फिरवलात तरी हलायचा नाही. चालेल ना?"

सिस्टरनी नाणं परत पर्समध्ये टाकलं.

"टाका," त्या म्हणाल्या.

दिवे लागले ते लागलेच. मिस्त्रीने हात पुसले, फाईल उघडून घडीच्या टेबलावर ठेवली आणि पेन काढलं. "हां. बाकी सगळं ठीक. आता सांगा, चालवायला कशी वाटली?"

लिफ्टवाल्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं. गाडीच्या चाकांभोवतीचं गवत दहा दिवसांत चांगलं वीतभर वाढलं होतं.

"इंजिन कसं आहे? ब्रेक? गिअर?" मिस्त्रीने एकेक विचारलं. मग पुढे जाऊन त्याने किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि सावकाश परत आला. "काका, ही तर एक फूटसुद्धा हललेली नाही."

"वेळ कुठे होता?" लिफ्टवाले म्हणाले.

"पण मला इथे लिहायला लागतं. 'चालवून पाहिली', होय किंवा नाही. 'नाही' लिहिलं तर मला गाडी परत न्यायला लागेल. आणि खोटं मी लिहीत नाही."

"खोटं नकाच लिहू," सिस्टर म्हणाल्या. "'राहून पाहिली' असं लिहा. होय."

"काकू, असा रकाना नाही ह्यात."

"मग आखून घ्या," सिस्टर म्हणाल्या आणि सहीसाठी त्याच्या हातातलं पेन काढून लिफ्टवाल्यांच्या हातात दिलं.